किसलेलं पाणी

आमच्या फ्रीजरच्या खालच्या कप्प्यात स्टीलचा एक पसरट डबा असतो. त्याला घरात माझ्याशिवाय आणि बाबांशिवाय कोणी हात लावत नाही. पाहुण्यांच्या सरबतात बर्फ टाकायचा असेल तर वरच्या कप्प्यातला घ्यायचा. खालच्या डब्यातला घेतला तर बाबांच्या दिवसाची मोजणी चुकते. घरात येणाऱ्या प्रत्येकाला मी हे पहिल्याच दिवशी सांगून टाकते. काहींना ते उद्धट वाटतं. वाटू द्यावं.

डब्यात असतं ते असं. दोन लिंबांचा रस, दोन चमचे साखर, पाव सफरचंद सोलून अगदी बारीक चिरलेलं, अननसाची बोटभर फोड, तीही तशीच बारीक, आणि पाणी. सगळं मिळून दोनशे मिली, त्यावर थेंब नाही. लिंबाची साल किसणीवर दोनदा फिरवायची, तिसऱ्यांदा फिरवली की कडू लागतं. डबा फ्रीजरमध्ये ठेवायचा आणि कडेकडेने बर्फ धरू लागला की काट्याच्या चमच्याने खरवडायचा. पुन्हा ठेवायचा, अर्ध्या तासाने पुन्हा खरवडायचा. असं चार वेळा केलं की डब्यात दगड होत नाही, भुरभुरीत चुरा होतो, आणि फळांचे कण त्यात सगळीकडे सारखे बसतात. साखर कमी टाकली तर चुरा टणक होतो, जास्त टाकली तर खाणाऱ्याची तहान वाढते. दोन चमचे हा हिशेब मला सात-आठ डबे बिघडवल्यावर जमला.

बाबा म्हणजे माझे वडील. ते बोरी अरबला पोस्टात होते, निवृत्तीनंतरही तिथेच माझ्या भावाकडे राहिले. आई गेल्यावरही राहिले. मग दोन्ही किडन्या गेल्या आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. त्याची सोय यवतमाळला, म्हणून मागच्या वर्षी फेब्रुवारीत ते माझ्याकडे आले. येताना कपड्यांची एक पिशवी, आईचा फोटो आणि स्वतःचा पितळी गडवा घेऊन आले. गडव्यात लिटरभर पाणी मावतं. गावी ते सकाळी उठल्यावर एक गडवा उभ्यानेच पीत, आणि दारात कोणीही आलं, वीजबिलवाला असो की रस्ता चुकलेला माणूस, की नाव विचारायच्या आधी तोच गडवा पुढे करीत.

पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांनी सांगितलं, दिवसाला आठशे मिली. घरी आल्यावर मी गडवा घासून कपाटावर ठेवून दिला. बाबांनी तो वर जाताना पाहिला. 

"आठशे मिली म्हणजे किती गिलास?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

"चार. तेही आपले छोटे. चहा, वरण, ताक, गोळ्यांबरोबरचं पाणी, सगळं धरून."

"वरणही पानीच?"

"वरणही पाणीच."

"अन् थुका?"

"थुका तुमचा तुम्ही गिळा. तो मी मोजत नाही."

बाबा हसले. तोवर त्यांना वाटत होतं की हे दोन-चार दिवसांचं पथ्य आहे. तापात भात बंद करतात, तसं.

मी सकाळी पाण्याची एक बाटली भरायची. चहा झाला की तितकं पाणी बाटलीतून ओतून टाकायचं, वरण वाढलं की तितकं. बाटलीत उरेल ते पिण्यासाठी. दुपारी बारालाच बाटली रिकामी होई. मग रात्रीपर्यंत बाबा तोंडात पाणी घेऊन चूळ भरत, बेसिनपाशी उभे राहून, आणि मी मागे उभी राहून चूळ बाहेर पडते की नाही ते पाहत असे. सत्तरी उलटलेल्या बापामागे असं उभं राहणं चांगलं दिसत नाही. पण किडनी बंद असली की प्यायलेलं पाणी कुठे जात नाही. ते आधी पायात साठतं, मग फुप्फुसात.

मी पाटबंधारे खात्यात कारकून आहे. कालव्यात पाणी किती सुटलं आणि शेवटच्या चारीपर्यंत, म्हणजे शेतात जाणाऱ्या पाटापर्यंत, किती पोचलं, याची रजिस्टरं माझ्याकडे असतात. बाबांनी ते लगेच पकडलं.

"नहराचं पानी मोजता मोजता बापाचं मोजाले लागली व तू."

"नहराला पाळी आली तरच पाणी सुटतं, बाबा. तुम्हाला रोज सुटतं."

"शेवटच्या चारीवाल्याले काही पोचत नाही, हे तुह्याच तोंडून ऐकलं होतं मी."

बर्फाची गोष्ट सुरू झाली ती माझ्या चुकीने. भावाने गावाहून मृग बहराच्या संत्र्यांची पिशवी पाठवली होती. मला वाटलं, रस काढून गोठवावा, त्यात फोडी टाकाव्यात, तोंडही ओलं राहील आणि पोटातही काही जाईल. पहिला डबा मी संत्र्याचा केला. बाबांनी वाटी चाटून पुसून खाल्ली. दोन दिवस मी माझ्यावर खूश होते. मग डायलिसिसच्या ठिकाणी आहार सांगणारी एक मुलगी आहे, माझ्या पुतणीच्या वयाची, तिने विचारलं, आजोबा काय काय खातात. मी अभिमानाने सांगितलं. तिने पेनच खाली ठेवलं.

"ताई, संत्री? यांच्या रक्तात आधीच पोटॅशियम वाढलंय. संत्र्याने आणखी वाढतं. चालता चालता हृदय थांबू शकतं."

ती रागावली नाही, म्हणून मला जास्त लागलं. लिंबू चालेल म्हणाली, थोडं. सफरचंद, अननस थोडं. केळ, नारळपाणी, आंबा नाही. आणि बर्फ वितळून जितकं पाणी होतं तितकं पाणी म्हणूनच धरायचं. उरलेली संत्री मी त्याच दिवशी ऑफिसात वाटून टाकली.

"संत्र्याच्या मुलखात राहून लिंबू चोख म्हणते ती पोट्टी," बाबा म्हणाले. पण लिंबाचा डबा त्यांनी नाकारला नाही.

आधी मी ट्रेमध्ये खडे करत होते. खडा तोंडात टाकला की दोन मिनिटांत कडकड चावून संपे. मग एकदा डबा घाईत अर्धवट गोठलेला काढला, तो काट्याने फोडला, आणि दिसलं की तेवढ्याच पाण्याची वाटी शिगोशीग भरते. पन्नास मिली पाणी गिलासात ओतलं तर तळ नुसता ओला होतो. तेच किसून वाटीत घातलं तर ढीग होतो, त्यात फळांचे कण चावायला लागतात, आणि संपवायला पाव तास जातो. डोळ्याला फसवायचं, एवढाच त्यातला अर्थ. पण फसवणूक चालली. दिवसाच्या चार वाट्या ठरल्या: अकराला, दोनला, चारला आणि सातला. बाबा त्या मिठाच्या चिमुकल्या चमच्याने खात. घरात येणारे लोक म्हणत, बर्फ खाल्ल्याने काय होतं, बर्फ म्हणजे काय पाणी थोडंच. बाबाच त्यांना सांगत, "हे किसलेलं पानी हाय. इथं हवेशिवाय सगळं पानीच हाय."

एप्रिल उजाडला. यवतमाळचा एप्रिल ज्यांनी पाहिला आहे त्यांना मी काही सांगायची गरज नाही. कूलरशिवाय घरात बसवत नाही आणि कूलरला दिवसातून दोनदा पाणी लागतं. ते भरायचं काम बाबांनी मागून घेतलं. बादली मी उचलू देत नव्हते, तर ते नळी धरून उभे राहायचे. नळी टाकीत सोडून पाण्यात मनगटापर्यंत हात बुडवून ठेवायचे. मी सुरुवातीला स्वयंपाकघराच्या दारातून नजर ठेवली. त्यांनी कूलरचं पाणी कधी तोंडाला लावलं नाही. तेव्हा माझी खात्री पटली की माणूस सांभाळून आहे, आणि मी पाहायचं सोडलं.

अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावाने नवी घागर भरतात. मातीची घागर, खाली गव्हाची रास, पाण्यात वाळा, घागरीच्या तोंडावर खरबूज. त्या दिवशी त्या माणसाला पाणी पोचतं, अशी समजूत. त्याच्या जागी कोणाला तरी जेवायला बसवतात आणि घागरीतलं पहिलं पाणी त्या पाहुण्याला देतात. बाई नवऱ्याच्या आधी गेली असेल तर सवाष्ण बसवतात. आईच्या नावाची घागर गावी भाऊ भरायचा. मागच्या वर्षी बाबा म्हणाले, मी जिथं हाय तिथं भरू.

मी आदल्या दिवशी ऑफिसातून उशिरा सुटले आणि शेवटची उरलेली घागर घेऊन आले. नवी घागर रात्रभर पाण्यात भिजवून ठेवावी लागते, नाहीतर पहिल्या दिवशी तीच पाणी शोषते. मी भिजवली नाही. थकले होते. सकाळी सात वाजता बाबांच्या खोलीत, आईच्या फोटोसमोर, गव्हावर घागर ठेवली, काठोकाठ भरली, खरबूज ठेवलं आणि स्वयंपाकाला लागले. पुरणपोळी, चिंचवणी, वडे, कुरडया. माझा नवरा झरी जामणीकडे शाळेवर असतो, तो त्या दिवशी आला नव्हता. घरात बाबा आणि मी.

बाटलीतलं पाणी मी मोजलं होतं. फिल्टरला मी कुलूप लावत नव्हते, पण तो माझ्या ओट्याशेजारीच आहे. फ्रीजमधल्या बाटल्या मोजलेल्या होत्या. घागर मी मोजली नाही. ती मी स्वतःच्या हाताने भरली होती आणि तरीही ते पिण्याचं पाणी आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. ते आईचं होतं.

सवाष्ण म्हणून मी आमच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहणाऱ्या बाईला सांगितलं होतं. ती दारव्ह्याकडच्या तांड्यावरची, लोहाऱ्याच्या एमआयडीसीत पॅकिंगच्या कामाला जाते. बाबांचं आणि तिचं जमे, कारण बोरी अरबचा बाजार दोघांच्या ओळखीचा. भाऊबंदांपैकी एकाने फोनवर विचारलं, सवाष्ण आपल्यातली नाही का मिळाली. बाबांनी फोनवरच सांगितलं, "तिले भूक लागते, तिचा नवरा जिता हाय. आणखी काय पाह्यजे?"

ती साडेबाराला आली, पाटावर बसली. मी खरबूज उचललं आणि तांब्या घागरीत घातला. तांब्या बराच खाली गेला.

"ताई, घागर कमी कायले भरली?" तिने मान उंचावून पाहिलं. "चांगली चार-पाच बोटं खाली हाय."

"नवी हाय," बाबा पलंगावरून म्हणाले. "पहिल्या दिवशी घागरच पानी पेते."

"एवढी तहान लागली काय तिले?" ती हसली.

बाबाही हसले. मीही.

नवी, न भिजवलेली घागर पाणी शोषते हे खरं आहे. पण घागरीने पाणी प्यायलं की तिचं अंग ओलं होतं, खालचे गहू ओलसर होतात. ते गहू कोरडे होते. मी ते पाहिलं. माझी नोकरीच अशी आहे, कालव्यात सुटलेलं पाणी आणि पोचलेलं पाणी यांत फरक आला की मुरलं म्हणून कोणी सांगितलं तर मी विचारते, कुठे मुरलं. त्या दिवशी विचारलं नाही. पोळ्या गार होत होत्या. मी घागर पुन्हा भरली आणि वाढायला लागले. बाबांनी मागितल्यावर दोन कुरडयाही त्यांच्या ताटात टाकल्या, मिठाच्या असूनही, सणाचा दिवस म्हणून.

पाच वाजता मी त्यांच्या खोलीत गेले तेव्हा ते पलंगाच्या कडेला बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून.

"झोपा ना थोडं."

"झोपलं की छातीवर कोणी बसते." एवढं बोलायला त्यांना तीनदा थांबावं लागलं.

मी त्यांच्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला आणि भरला नाही. पुढची डायलिसिसची पाळी दोन दिवसांवर होती. मी मागच्या बाईला हाक मारली, ती चौकातून ऑटो घेऊन आली. ऑटोत बाबा मध्ये, एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला मी. ती त्यांची पाठ चोळत होती आणि सारखी म्हणत होती, "बाबा, श्वास घ्या, आता आलंच."  मी दिवसभराची बेरीज करत होते आणि ती दरवेळी आठशेच येत होती.

त्यांना ऑक्सिजन लावला, लगेच मशीनवर घेतलं. डॉक्टरांनी विचारलं, "पाणी किती दिलं?"

"आठशे."

"वजन तीन किलोने वाढलंय."

"माझ्या मोजणीत आठशेच आहे."

"मोजणीत असेल," डॉक्टर म्हणाले, आणि दुसऱ्या पेशंटकडे गेले.

तेव्हा मला ते कोरडे गहू आठवले. मशीनशेजारच्या स्टुलावर चार तास बसले. बाबांच्या रक्तातून पाणी निघत होतं, आणि ते कुठून आलं हे मला आता कळलं होतं. मला राग आला होता. बाबांचा नव्हे. त्यांनी एक खोटं सांगितलं होतं, तहानेने. मी ते खरं धरलं होतं, सोयीने. दोन्हींत मला माझंच जास्त वाईट दिसत होतं.

दोन दिवस त्यांना तिथेच ठेवलं. घरी आल्यावर मी त्यांना काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी चारची वाटी घेऊन गेले, तर त्यांनी ती हातात घेतली आणि खाल्ली नाही.

"चार गिलास पेलो मी," ते म्हणाले. "तू पोळ्या लाटून राह्यली होती तवा. दोन आधी, अन् मग दोन."

"काहून पण?"

"ते तुह्या मोजणीत नव्हतं."

  वाटीतला चुरा कडेने वितळायला लागला होता.

"तिले शेवटचे दोन दिवस पानी नव्हतं देऊ दिलं," बाबा म्हणाले. आईबद्दल बोलत होते. "ते मागे. खुणेने मागे. मी चमचा घेऊन उभा होतो, पुरा भरून. नर्सबाई म्हणे, बाबा, नका देऊ, फुप्फुसात जाते. मी चमचा ओतून टाकला. मंग दर साली घागर भरली की मले वाटे, चला, आता पेली असंल. यंदा तिच्या घागरीतलं मीच पेलो. तिच्या फोटोसमोर पेलो."

"मी नंतर पुन्हा भरली होती घागर."

"ते तू भरली. माहं काय?"

बाबांना रडताना मी पाहिलेलं नाही, तेव्हाही नाही.  मी म्हटलं, "वाटी खा, पाणी होतंय तिचं." त्यांनी खाल्ली.

दुसऱ्या दिवसापासून डबा ते स्वतः करू लागले. लिंबं मी चिरून द्यायची, कारण त्यांच्या हातात सुईच्या जागा असतात आणि तो हात जपावा लागतो. बाकी सगळं ते मोजत, खोकल्याच्या औषधाच्या झाकणाने. दुपारी मी ऑफिसात असले तरी मला माहीत असे की त्या वेळी घरात काट्याच्या चमच्याचा खरखर आवाज चालला असेल. वर्षभरात त्यांनी एकदाच मोजणी मोडली. माझ्या पुतणीच्या साखरपुड्यात कोणीतरी हातात मठ्ठ्याचा पेला दिला आणि तो त्यांनी संपवला. त्यांनी तिथल्या तिथे मला शोधून काढलं आणि सांगितलं, "दीडशे धर." रात्रीचं वरण त्यांनी स्वतःच नाकारलं.

मी त्यांच्यामागे बेसिनपाशी उभं राहणं बंद केलं.

यंदा अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी मी घागर वेळेवर आणली, बादलीत बुडवून ठेवली. बाबा खुर्चीवर बसून पाहत होते.

"उद्याचा डबा मले नको," ते म्हणाले. "तिच्या घागरीत टाकीन."

"आख्खा डबा?"

"आख्खा."

"मग दिवसभर तुम्ही काय करणार? बाहेर चव्वेचाळीस आहे."

"चहा हाय. वरण हाय. गोळीचं पानी हाय."

"बाबा, मी दुसरा डबा लावते ना. दोन लिंबांचा तर प्रश्न आहे. एक तिचा, एक तुमचा."

"मंग तो तुहा डबा झाला," बाबा म्हणाले. "माह्यातून वजा कर."

मी आणखी एक अडचण काढली, की घागरीत कोणी लिंबू-साखर टाकत नाही. बाबा म्हणाले, तिले आंबट आवडे. ते खरं होतं. आई कच्ची कैरी भाजीपेक्षा जास्त आनंदाने खायची. मी मनात बेरीज केली. आठशेतून दोनशे गेले, सहाशे उरले. एका दिवसाने माणसाला धोका नाही, फक्त त्रास आहे. त्रास त्यांचा होता, त्यांनीच मागितला होता. मी हो म्हटलं.

सकाळी घागर गव्हावर ठेवली आणि बाबांनी सांगितलं तितकी कमी भरली, वर जागा ठेवून. बाबांनी डबा काढला, शेवटचा हात म्हणून एकदा खरवडला आणि खोलीत आणला. ते खाली बसू शकत नाहीत, म्हणून मी घागरीजवळ स्टूल ठेवलं. त्यांनी मिठाच्या त्याच चिमुकल्या चमच्याने एकेक चमचा घागरीत टाकायला सुरुवात केली. दोनशे मिलीला किती चमचे लागतात ते मला माहीत आहे.  डबा धरायला मी पुढे होऊ शकले असते. झाले नाही. एकदा चमच्यातून थोडा चुरा बाहेर गव्हावर सांडला. बाबांनी तो बोटाने उचलला. बोट क्षणभर तसंच वर राहिलं, त्यावरून पाणी ओघळायला लागलं होतं. मग त्यांनी ते बोट घागरीत बुडवलं.

डबा रिकामा झाल्यावर त्यांनी तो माझ्या हातात दिला. "आता धू," म्हणाले.

अकरा वाजले, त्यांच्या पहिल्या वाटीची वेळ. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि डोळे मिटून पडून राहिले. ओठांना मी थोडं तूप लावून दिलं. मी पोळ्या लाटत होते, पण या वेळी दर थोड्या वेळाने दारापर्यंत येऊन पाहत होते, त्यांच्याकडे नव्हे, घागरीकडे. ती एक बोटही उतरली नाही.

साडेबाराला मागची बाई आली. मागच्या वर्षी ऑटोत बसलेलीच ती, तिला दुसरी कोणी सवाष्ण बसवली असती तर रागच आला असता. जेवायला बसण्याआधी तिने घागरीकडे पाहिलं आणि बाबांना विचारलं, "काय बाबा, यंदा घागरीची तहान भागली का?"

"यंदा ते नाही पेली," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तो गडवा काढ."

मी स्टुलावर चढून कपाटावरून गडवा काढला. वर्षाची धूळ होती त्याच्यावर आणि पितळ काळं पडलं होतं. चिंचेने घासला, धुतला, घागरीत बुडवून काठोकाठ भरला आणि तिच्यासमोर ठेवला. ती उन्हातून आली होती. तिने गडवा उचलला, मान मागे टाकली आणि वरून धार सोडत प्यायली, गडवा ओठाला न लावता. तिचा गळा खालीवर होत होता. बाबा पलंगावर उठून बसले होते आणि तिच्या गळ्याकडे पाहत होते, शेवटपर्यंत.

तिने गडवा खाली ठेवला, तोंड पुसलं.

"थंड हाय. आंबट-गोड हाय." ती काहीतरी चावत होती. "ताई, याच्यात सफरचंद हाय काय? तुमच्या याडीच्या नावाचं पानी असं असते?" याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई.

"तिच्या नावाचं असंच असते," बाबा म्हणाले. जीभ कोरडी पडल्याने त्यांचे शब्द अडखळत होते. "बरं लागलं?"

"लय बरं लागलं. आणखी हाय काय?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "दे," ते म्हणाले. "पोटभर दे. मोजू नको."

मी गडवा आणखी दोनदा भरला. तिचं जेवण झाल्यावर बाबांना दुपारच्या गोळ्या दिल्या, दोन घोट पाण्याबरोबर.